गांजा सापडला तर: वजन, शिक्षा आणि जामिनाचा अर्ज

पोरगा गांजासह सापडला की घरचे आधी ओळखीपाळखी शोधत बसतात. त्यापेक्षा एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत मिळवा आणि त्यात वजन किती लिहिलंय ते वाचा. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात बहुतेक गोष्टी त्या आकड्यावर ठरतात.

१ किलोच्या आत असेल तर १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच्या वर पण २० किलोच्या आत: १० वर्षांपर्यंत आणि १ लाखापर्यंत दंड. २० किलोच्या वर गेलं की किमान १० वर्षं, कमाल २०. नुसता ओढताना सापडला तरी ६ महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

वजन कशाचं केलं हेही बघा. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं आलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं किंवा बिया त्यात येत नाहीत. मुळासकट उपटलेली ओली झाडं काट्यावर टाकली असतील, तर वकिलाला हे पहिल्याच भेटीत सांगा. अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडतीचा हक्क आहे हे पोलिसांनी सांगितलं होतं का, तेही विचारून घ्या. माल फक्त पिशवीत किंवा डिकीत सापडला असेल तर मात्र हा मुद्दा सहसा टिकत नाही.

जामीन पोलीस ठाण्यात मिळेल या भ्रमात राहू नका. या कायद्याखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र आहेत, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे. मोठ्या प्रकरणांचा अर्ज कोल्हापुरात कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात, विशेष न्यायाधीशांपुढे जातो. तिथे फेटाळला तर उच्च न्यायालय. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (खंडपीठासारखी शाखा) असल्याने त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. २० किलोच्या वरच्या मालात कलम ३७ आडवं येतं: आरोपी निर्दोष असावा असं मानायला वाजवी कारण आहे, अशी न्यायाधीशांची खात्री पटावी लागते. ते अवघडच.

कागदपत्रं: वकीलपत्र, एफआयआरची प्रत, आरोपीचं आधार आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. जामीनदाराचं आधार, रेशनकार्ड, सातबारा किंवा घरफाळ्याची पावती. कोर्टाने मागितल्यास तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीत असलेल्याला उत्पन्नाची अट नाही.

व्यसन जडलेल्यासाठी कलम ६४-अ आहे. माल अल्प (१ किलोच्या आत) असेल आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला, तर खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं.