थंडी जास्त म्हणून व्हिसा सोपा? अजिबात नाही

"कॅनडात थंडीमुळे कोणी टिकत नाही, म्हणून ते कुणालाही घेतात," असं बडोद्यात दांडिया बाजारात आजही छातीठोकपणे सांगतात. हे खरं नाही. कौशल्याच्या जोरावर कायमचं स्थायिक व्हायला येणाऱ्यांना कॅनडा १९६७ पासून गुण मोजून निवडतो. २०१५ पासूनच्या एक्सप्रेस एन्ट्रीत, म्हणजे अशा अर्जदारांना निवडायच्या ऑनलाइन पद्धतीत, शिक्षण, भाषा, अनुभव, वय बघतात. वयाचे पूर्ण गुण २० ते २९ पर्यंतच, पंचेचाळिशीला शून्य! तेव्हा काकालोकांनो, थंडीच्या भरवशावर एजंटाच्या हातात पैसे ठेवू नका, कळकळीने सांगते. ऑस्ट्रेलियाचा हिवाळा सौम्य, तरी तिथेही गुणच मोजतात. शिवाय कॅनडा सगळा सारखा गारठत नाही: जानेवारीत विनिपेगची सरासरी उणे १६ च्या आसपास, व्हँकुव्हरची शून्याच्या वर, तिथे बर्फापेक्षा पाऊसच जास्त.