‘माहीत नाही’ म्हटलं की प्रवेश गेला?

कॉलेज प्रवेशाच्या मुलाखतीबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: एकाही प्रश्नावर अडखळलात, तर संपलं. या भीतीपोटी मुलं शंभर-शंभर उत्तरं घोकतात. हा समज चुकीचा आहे, आणि त्याने चांगल्या मुलांचं नुकसान होतं.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचंच बघा. तिथे विषयाचे प्राध्यापक मुद्दाम न शिकवलेला आलेख, अनोळखी उतारा किंवा नवं गणित पुढे ठेवतात. उमेदवार अडणार हे त्यांनी धरलेलंच असतं. त्यांना बघायचं असतं ते पुढचं: तुम्ही विचार कसा करता, इशारा दिला की दिशा बदलता का, चूक लक्षात आल्यावर ती सुधारता का. म्हणून नुसतं ‘माहीत नाही’ म्हणून गप्प बसणं मात्र खरंच महागात पडतं. ‘हे वाचलेलं नाही, पण यावरून असं वाटतं की...’ इथून सुरुवात करा.

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत मुलाखत माजी विद्यार्थी घेतात. ती बहुतेकदा साध्या गप्पांसारखी असते. तिथे पाठांतर तर लगेच उघडं पडतं.

मग तयारी कशाची? अर्जात लिहिलेलं प्रत्येक पुस्तक, प्रत्येक प्रकल्प पुन्हा चाळा. काही प्रश्न तिथूनही निघू शकतात. आणि मोठ्याने विचार करण्याचा सराव करा. एखाद्याला समोर बसवून तुमच्या प्रत्येक उत्तरावर ‘का?’ विचारायला सांगा. तिसऱ्या ‘का?’ला पाठ केलेलं संपतं, खरा सराव तिथून पुढे होतो.