टेस्ट अडकली? किल करण्याआधी हे वाचा

रात्री लावलेल्या ऑटोमेटेड टेस्ट सकाळी अर्ध्यावर थांबलेल्या दिसल्या की बहुतेक जण आधी रीस्टार्ट करतात. दुसऱ्या रनमध्ये सगळं हिरवं दिसतं, विषय मिटतो. पुढच्या आठवड्यात तेच रडगाणं. म्हणून आमची पहिली विनंती: अडकलेली प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) लगेच किल करू नका, म्हणजे जबरदस्तीने बंद करू नका. ती का अडकली हे तिच्या मेमरीतच असतं.

क्रॅश झाला असेल तर एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्राम बंद पडताना मागे राहणारा आकडा, बघा. लिनक्सवर १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट, प्रोग्रामने भलत्याच मेमरीला हात लावला. १३४ आला तर प्रोग्रामने स्वतःच अबॉर्ट केलं, बहुधा एखादा असर्ट (कोडमधली 'हे खरं असलंच पाहिजे' अशी तपासणी) फेल होऊन. १३७ ने मात्र फसू नका. तिथे प्रोसेस बाहेरून मारलेली असते आणि मारणारा बऱ्याचदा कर्नलच (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) असतो, मेमरी संपली म्हणून. तशी नोंद कर्नलच्या लॉगमध्ये सापडते. (डॉकर हे प्रोग्राम वेगळ्या, बंदिस्त कंटेनरमध्ये चालवणारं टूल. अशा कंटेनरमधला क्रोम मध्येच कोसळत असेल तर शेअर्ड मेमरी तपासा, डॉकर डीफॉल्टने फक्त ६४ एमबी देतो.)

हँग, म्हणजे प्रोग्राम बंद न पडता नुसता अडकून राहणं, जास्त छळतो, कारण तो काहीच सांगत नाही. आधी सीपीयू बघा. एक कोर १०० टक्क्यांवर असेल तर बहुधा न संपणारा लूप. शून्याजवळ असेल तर प्रोसेस कशाची तरी वाट बघतेय: लॉकची (एका वेळी एकानेच वापरावं म्हणून लावलेलं कुलूप), नेटवर्कवरच्या उत्तराची, किंवा कुणालाच न दिसणाऱ्या स्क्रीनवर 'ओके' दाबण्याची. हसू नका, हे खरंच होतं.

मग सगळ्या थ्रेडचे (प्रोग्राममधली एकाच वेळी चालणारी कामं) स्टॅक, म्हणजे प्रत्येक थ्रेड कोडमध्ये कुठे आहे त्याची नोंद, घ्या, दहा-पंधरा सेकंदांच्या अंतराने तीनदा. त्यासाठीची टूल: जावासाठी जेस्टॅक, सी++ साठी जीडीबी. तिन्ही वेळा थ्रेड त्याच ओळीवर असेल तर तपास तिथून सुरू करायचा. दोन थ्रेड एकमेकांना हवं असलेलं लॉक धरून बसले असतील तर जेस्टॅक बहुतेकदा डेडलॉक म्हणून सरळ छापतो.

रात्री हे करायला कोणी जागं नसतं. म्हणून सीआयची (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) मर्यादा ६० मिनिटांची असेल तर ५० व्या मिनिटाला आपणच डम्प (प्रोसेसच्या मेमरीची प्रत) घेणारी स्क्रिप्ट लावा. ऑटो-रीट्राय ठेवायचाच असेल तर ठेवा, पण पहिल्या फसलेल्या रनचा लॉग पुसला जाऊ देऊ नका.

तपासासाठी आमच्याकडे पाठवताना डम्पसोबत त्याच बिल्डच्या बायनरी आणि सिम्बॉल फाइल (डम्पमधले पत्ते कोडच्या ओळींशी जोडणाऱ्या) हव्यात. नंतर नव्याने केलेला बिल्ड चालत नाही. पूर्ण लॉग आणि टेस्ट कोणत्या क्रमाने चालल्या तेही द्या. डम्पमध्ये पासवर्ड आणि तुमच्या ग्राहकांचा डेटा असू शकतो, त्यामुळे तो ईमेलने पाठवू नका. त्यासाठी एन्क्रिप्टेड अपलोडची लिंक आम्ही देतो.