खिद्रापूरच्या कोपेश्वरापुढे नंदी का नाही?

खिद्रापूरला पहिल्यांदा आलेला भाविक गाभाऱ्यासमोर हमखास नंदी शोधतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी असलेलं हे शंकराचं देऊळ, पण पिंडीसमोर नंदीच नाही. गावात कुणालाही विचारा, उत्तरादाखल दक्षयज्ञाची कथा ऐकायला मिळते.

दक्षाने यज्ञ मांडला आणि नेमकं जावयालाच आवतण दिलं नाही. सती तरीही नंदीवर बसून माहेरी गेली. तिथे पतीची निंदा ऐकवेना, म्हणून तिने यज्ञकुंडात देह टाकला. शंकराचा कोप अनावर झाला. तेव्हा विष्णूने समजूत काढून त्याला इथे आणलं, असं स्थानिक परंपरा सांगते. म्हणून हा कोपेश्वर, आणि त्याच्या शेजारी, एकाच गाभाऱ्यात, विष्णूचं रूप मानलेला धोपेश्वर. नंदी सतीबरोबर गेला तो गेलाच. तो कृष्णाकाठच्याच येडूरला असल्याचं मानतात. येडूर आज कर्नाटकात येतं आणि तिथलं मोठं दैवत वीरभद्र, म्हणजे दक्षाचा यज्ञ उधळणारा. दोन्ही गावांची दैवतं अशी एकाच कथेत गुंफलेली आहेत. राज्यांची सीमा मधे आली ती फार नंतर.

लिखित इतिहासात मात्र कोप नाही, राजसत्तांची उलथापालथ आहे. देवळाचं बरंचसं बांधकाम बाराव्या शतकातलं, कोल्हापूरच्या शिलाहार राजांच्या काळातलं मानलं जातं. इथले बरेच शिलालेख कन्नडमध्ये आहेत. दक्षिण दरवाजाजवळचा लेख मात्र संस्कृतात, देवनागरी लिपीत आहे. तो देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा, शके ११३६ चा, म्हणजे इ.स. १२१३-१४ च्या सुमाराचा. देवाच्या पूजेअर्चेसाठी गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. त्याच्या थोडंच आधी सिंघणाने शिलाहार भोज दुसरा याचा पराभव करून हा मुलूख घेतला होता. राज्य बुडालं, तरी देवाची पूजा नव्या राजाने चालू ठेवली. मला या देवळाच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

देवळापुढचा स्वर्गमंडप बघायला मात्र सवड काढूनच जावं. अठ्ठेचाळीस खांब, आतल्या वर्तुळात त्यांतले बारा, आणि त्यांच्यावर छताऐवजी मोकळं आकाश. बरोबर खाली एक प्रचंड गोल शिळा आहे. वर पाहिलं की वाहनांवर बसलेले दिक्पाल, म्हणजे दिशांचे रक्षक देव दिसतात. होमाचा धूर जावा म्हणून वरचा भाग उघडा ठेवला असं काहीजण म्हणतात, तर काहींच्या मते काम अपुरं राहिलं. खालची शिळा, बारा खांब आणि वरचं वर्तुळ एकमेकांशी इतकं जुळतं, की हे मुद्दाम केलेलं आहे असंच मला वाटतं. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र या वर्तुळाच्या माथ्यावर येतो, तो पाहायला अलीकडे मोठी गर्दी होते.

बाहेरून प्रदक्षिणा घालताना पायाशी ओळीने कोरलेले हत्ती पाहा. त्यांच्यावर देव आरूढ आहेत आणि कित्येकांच्या सोंडा तुटलेल्या आहेत. तरी गळ्यातल्या माळांचे मणी अजून एकेक मोजता येतात. नरसोबाच्या वाडीला दत्तदर्शनाला जाणारे बरेचजण तिथूनच मागे फिरतात. कुरुंदवाडवरून पुढे खिद्रापूरपर्यंत चांगला रस्ता आहे. पावसाळ्यात तेवढी कृष्णेच्या पाण्याची चौकशी करून निघावं, कारण पूर आला की या गावाची वाट बंद होते.