दोर बांधायचा की सोडायचा: शिखरवाटेवरच्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

चार मित्र, एक दोर आणि शिखराखालचा शेवटचा टणक हिमउतार. हिमनदी ओलांडताना अंगावर असलेला दोर इथे तसाच ठेवायचा, बर्फात खुंट्या रोवत पुढे जायचे, की तो सोडून पाठपिशवीत टाकायचा? वाटाड्याशिवाय, स्वतःच्या जबाबदारीवर शिखरावर जाणाऱ्या गटांत हा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे. क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे टोकदार दात) आले, नायलॉनचे दोर आले, हवामानाचा अंदाज खिशात आला, तरी तो मिटलेला नाही. एकाच दोराकडून दोन निराळ्या कामांची अपेक्षा केली जाते, हिमनदीवर भेगेत पडणाऱ्याला रोखणे आणि हिमउतारावर घसरणाऱ्याला धरणे, आणि त्यांतले दुसरे काम तो बहुतेक वेळा करू शकत नाही, हे त्याचे मूळ.

शिखरांवर जाण्याचा अगदी जुना इतिहास या प्रश्नाला फारसा लागू पडत नाही. १७८६ मध्ये आल्प्समधल्या माँ ब्लाँवर पहिल्यांदा दोघे पोहोचले तेव्हा त्यांच्याकडे दोरच नव्हता. पुढे काही काळ दोन वाटाडे एका लांब काठीची टोके धरत आणि पाहुणा कठड्यासारखा तिचा आधार घेत चाले. १८२० मध्ये त्याच डोंगरावर हिमस्खलनात तीन वाटाडे गेले. दुसऱ्याच वर्षी पायथ्याच्या शामोनीत वाटाड्यांची संघटना उभी राहिली, आणि पुढे एका पाहुण्यामागे चार वाटाडे घेण्याची सक्ती आली. खर्च आणि सक्ती दोन्ही खटकू लागले. १८५५ मध्ये काही इंग्रज मित्र वाटाडे न घेताच माँ ब्लाँवर जाऊन सुखरूप उतरले. मित्रामित्रांनी शिखर गाठण्याच्या प्रथेला तिथून बळ मिळाले. पण वाटाड्यांचा दोर उचलताना त्यांनी वाटाड्यांची एक समजूतही उचलली: सगळे एकत्र बांधलेले असले की एक घसरला तरी बाकीचे त्याला धरतील.

ही समजूत किती महागात पडते ते १४ जुलै १८६५ रोजी आल्प्समधल्याच मॅटरहॉर्नवर दिसले. सात जणांचा तो गट आदल्या दोन-तीन दिवसांत वेगवेगळ्या मंडळींतून जमलेला होता. उतरताना सर्वांत कमी अनुभव असलेला तरुण पाय घसरून पुढच्या वाटाड्यावर आदळला, त्यांच्या ओझ्याने मागचे दोघे ओढले गेले, आणि चौथ्या व पाचव्या माणसामधला दोर तुटला. खाली गेलेले चारही जण मेले, वरचे तिघे वाचले. तुटलेला दोर सोबत असलेल्या तीन दोरांत सर्वांत कमकुवत निघाला. तो माणसे बांधायला आणलेलाच नव्हता. साहजिकच पुढची कितीतरी वर्षे चर्चा झाली ती दोराच्या मजबुतीची. तो मुद्दाम कापला का, इथपर्यंत संशय गेला. दोर टिकला असता तर चारांऐवजी सात गेले असते, ही शक्यता मात्र कोपऱ्यात राहिली. खरा धडा तिथे होता.

मजबुतीचे काम तसे आधीच सुरू झाले होते. १८६४ मध्ये एका इंग्रज क्लबाच्या समितीने दोरांना वजने बांधून ती खाली सोडून पाहिली आणि मनिला दोर पसंत केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नायलॉन आले आणि तेव्हापासून नीट ठेवलेला दोर हिमउतारावरच्या पडण्याने तुटणे जवळपास थांबले. आता कमकुवत दुवा दोराच्या टोकाला उभा असलेला माणूस आहे.

इथे थोडा हिशेब करायला हवा. उतार ४० अंशांचा, बर्फ पहाटेचा टणक, अंगावर गुळगुळीत जॅकेट. घर्षण फार थोडे असल्याने घसरणाऱ्या माणसाचा वेग दर सेकंदाला साधारण साडेपाच मीटर प्रतिसेकंदाने वाढतो. दोघांमध्ये तीन मीटर ढील असेल तर दोर ताणला जाईपर्यंत एकच सेकंद जातो आणि वेग ताशी वीस किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. घसरणारा वरचा असेल तर आणखी वाईट. दहा मीटर अंतर असेल तर तो आधी ते दहा मीटर तुमच्यापर्यंत येतो, मग तुमच्या खाली तेवढेच जातो, आणि झटका बसतो तेव्हा वेग ताशी पन्नासच्या घरात असतो. क्रॅम्पॉनच्या पुढच्या दातांवर उभ्या माणसाला हा झटका कमरेवर बसतो. ‘घसरला’ अशी हाक ऐकून आइस अॅक्स (बर्फाची कुऱ्हाड) बर्फात रुतवायला एक सेकंद मिळाला तरी टणक बर्फावर तिची चोच आत जात नाही, उसळते. मग दुसरा जातो, दोघांचे वजन तिसऱ्यावर येते, आणि चौथ्याला धरून ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही.

‘एकाने सगळ्यांना धरले’ याचे उदाहरण म्हणून दर वेळी काराकोरममधल्या केटू शिखराचे नाव निघते. १० ऑगस्ट १९५३ रोजी सुमारे साडेसात हजार मीटरवर आजारी साथीदाराला खाली उतरवत असताना पाच जण घसरले. दोर एकमेकांत अडकले आणि वरच्या एका माणसाने सगळा भार पेलला. घटना खरी आहे आणि थोरही. पण तो माणूस चालत नव्हता. तो रुग्णाला उतरवण्यासाठीच ठाण मांडून बसला होता, त्याची आइस अॅक्स बर्फात गोठलेल्या खडकामागे पक्की रोवलेली होती आणि दोर तिच्याभोवतून व त्याच्या अंगाभोवतून फिरत होता. म्हणजे तिथे अँकर, दोराला पर्वताशी पक्के धरणारा आधार, होता. अँकर वगळून हा किस्सा सांगणे म्हणजे कथेचा अर्थच उलटा करणे.

उलट बाजूचे चित्र ३० मे २००२ रोजी अमेरिकेतल्या माउंट हूडवर दिसले. शिखराखालच्या उतारावर वरून उतरणारा चार जणांचा एक गट घसरला. एकमेकांना बांधलेले, पण बर्फात काहीही रोवलेले नाही. त्यांच्या दोराने खालच्या दोघांना उचलले, मग आणखी तिघांना. नऊ जण उताराच्या पायथ्याशी असलेल्या मोठ्या भेगेत गेले आणि तिघे दगावले. त्यानंतर हा विषय क्लबांच्या प्रशिक्षणात ठळकपणे आला: दोर बांधलेला असेल तर तो पर्वताशी कुठेतरी जोडलेला हवा, आणि गर्दीच्या उतारावर तुमचा दोर दुसऱ्या गटालाही गुंडाळतो.

तरीही दोर सोडण्याला विरोध करणारे अनाडी नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की दमलेल्या किंवा घाबरलेल्या मित्राला टणक उतारावर सुटे सोडणे म्हणजे त्याची पहिली घसरण हीच शेवटची ठरू देणे. शिवाय व्यावसायिक वाटाडे आखूड दोर ताणून चालतात आणि पाहुण्याचा पाय सटकताक्षणी त्याला सावरतात. हे खरे आहे. पण ते जमते कारण वाटाडा नेहमी वर असतो, दोर एक-दोन मीटरचा आणि सतत ताणलेला असतो, खाली एक किंवा फार तर दोन माणसे असतात, आणि वाटाडा आपल्या पावलाइतकेच पाहुण्याच्या पावलाकडे पाहत असतो. सारख्याच अनुभवाचे, सारखेच दमलेले चार मित्र दहा-दहा मीटरवर चालताना यातले काहीच नसते. हातात दोराची दोन-तीन वेटोळी धरून चालण्याची सवय तर सगळ्यांत घातक, कारण प्रत्येक वेटोळे म्हणजे जवळपास एक मीटर आयती ढील. एकमेकांना बांधलेले आहोत एवढ्यानेच मन स्वस्थ होते आणि पाऊल ढिले पडते, हा तोटा कुठल्या आकडेवारीत येत नाही.

आणि तोच दोर हिमनदीवर सोडणे हा शुद्ध वेडेपणा आहे. सपाट हिमाखाली भेग झाकलेली असते. माणूस आत जातो तेव्हा दोर भेगेच्या काठात रुततो, बरेचसे घर्षण तिथेच होते, आणि सपाटीवर उभा साथीदार मागे झुकून उरलेला भार तोलू शकतो. तिघे असतील तर टोकाचे दोघे आठच्या गाठीने आणि मधला बटरफ्लाय गाठीने, मध्ये दहा ते बारा मीटर. दोर बर्फाला जेमतेम टेकेल इतकाच सैल, आणि उरलेला दोर टोकाच्या दोघांकडे. दोघेच असतील तर अंतर पंधरा मीटरपर्यंत वाढवतात आणि मधल्या दोरात चार-पाच गाठी मारतात, म्हणजे त्या काठात अडकतात. गाठींमुळे पुढे कप्पी लावून वर ओढताना अडचण येते. म्हणून दोघांकडेही वेगळा सुटा दोर असावा लागतो, आणि इथेच दोघांचे गट कमी पडतात. अलीकडचे सहा-सात मिलिमीटरचे हलके, जवळपास न ताणणारे दोर हिमनदीवर सोयीचे आहेत. मात्र चढताना आघाडीच्या माणसाच्या सुरक्षेसाठी ते वापरता येत नाहीत, कारण पडण्याचा झटका ते शोषत नाहीत.

तिसरा मार्ग म्हणजे दोर ठेवून तो पर्वताशी जोडणे. पुढचा माणूस साठ ते नव्वद सेंटिमीटरचा पिकेट (बर्फात ठोकायची खुंटी) रोवतो, कॅराबिनरमधून (उघडमीट होणाऱ्या कडीतून) दोर घालतो, आणि शेवटचा तो काढून घेतो. गटाच्या दरम्यान दोरावर कायम निदान एक, शक्यतो दोन पिकेट असायला हवेत. मऊ बर्फात उभा ठोकलेला पिकेट उपटून येतो, तिथे आडवा पुरून मधोमध पट्टा बांधावा लागतो. प्रत्येक पिकेटला काही मिनिटे जातात. तीनशे मीटरच्या उतारावर हिशेब तासांत जातो, आणि तेवढ्यात ऊन चढून बर्फ मऊ होते, क्रॅम्पॉनखाली गोळे धरतात, वरून दगड सुटू लागतात. वेळ वाचवण्यासाठी पिकेट गाळले जातात आणि दोर मात्र अंगावरच राहतो. हूडसारख्या घटनांची तयारी नेमकी अशीच होते.

म्हणून आता बरेच जाणते गट हा निर्णय उतारावर घेतच नाहीत. हिमनदी संपते तिथल्या शेवटच्या सपाट जागी, भेग पूर्ण ओलांडल्यावर, थांबून ठरवतात: पिकेट लावत जायचे, सुटे जायचे, की इथूनच वळायचे. गटातल्या सर्वांत कच्च्या माणसाला हा उतार दोराशिवाय, तोंड डोंगराकडे करून उतरता येईल का, हा कस. उत्तर ‘नाही’ असेल तर सुटे जाण्याचा पर्याय सगळ्यांसाठीच बाद होतो; उरतात पिकेट किंवा परत फिरणे. सुटे जायचे ठरले तर एकाच्या बरोबर खाली दुसरा येणार नाही अशा तिरक्या रांगेत चढतात. दोर शेवटच्या माणसाच्या पिशवीत न ठेवता वरून दुसऱ्याकडे देतात, कारण अडचणीत सापडलेल्याकडे दोर वरून टाकता येतो, खालून नाही. परतताना त्याच सपाट जागी, भेगेच्या अलीकडेच, सगळे पुन्हा बांधून घेतात.