वैद्य–रुग्ण परस्परकर्तव्ये

वैद्यकनीतीच्या इतिहासातील एक संकल्पना. वैद्याने रुग्णाशी कसे वागावे आणि रुग्णाने वैद्याशी कसे वागावे, यांचा एकत्र विचार हा तिचा गाभा. प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्राटिसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या शपथेत रुग्णाचे कर्तव्य येत नाही. मात्र त्याच्याच नावावरील ग्रंथसंग्रहातील साथींवरील पहिल्या पुस्तकात रोग्याने वैद्याच्या जोडीने रोगाशी झुंजावे, असे म्हटले आहे.

चरकसंहितेत हा विचार अधिक रेखीव आहे. सूत्रस्थान या तिच्या विभागाच्या ९व्या अध्यायात वैद्य, द्रव्य (औषध), परिचारक व रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगून प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. रोग्याचे गुण म्हणजे स्मृती, निर्देशकारित्व (सांगितल्याप्रमाणे वागणे), अभीरुत्व (न घाबरणे) आणि ज्ञापकत्व (आपली व्यथा नीट सांगता येणे). हे गुण समजावेत की कर्तव्ये? स्मृती व अभीरुत्व हा स्वभावाचा भाग. उरलेले दोन मात्र वर्तनाचे असल्याने त्यांना कर्तव्य म्हणणे वावगे ठरू नये. चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायातील वचन तर निःसंदिग्ध आहे: बरा झालेला मनुष्य, आधी शब्द दिलेला असो वा नसो, वैद्याची परतफेड करीत नसेल, तर त्याला निष्कृती (पापातून सुटका) नाही. त्याच ठिकाणी चिकित्सेचा बाजार मांडणारा वैद्य सोन्याची रास टाकून धुळीचा ढीग कवटाळतो, असेही बजावले आहे. दोन्ही बोल शेजारी ठेवूनच वाचावेत. एकटे उद्धृत केल्यास अर्थाचा तोल जातो.

संहितेचा काळ सामान्यतः इ. स. पू. पहिले ते इ. स. दुसरे शतक यांदरम्यान मानतात. कुषाण राजा कनिष्काच्या पदरी असलेला चरक हाच संहितेचा चरक, हे मत चिनी बौद्ध साहित्यातील उल्लेखांवर उभे असून ते निर्णायक वाटत नाही. दृढबल या नंतरच्या संस्कारकाने पुढे संहितेत बरीच भर घातली. पण सूत्रस्थान व चिकित्सास्थानातील वरील दोन्ही स्थळे त्याने पूर्ण केलेल्या भागात मोडत नाहीत, ही बाब येथे महत्त्वाची आहे. विमानस्थानाच्या ८व्या अध्यायातील शिष्योपदेशात रोग्याच्या घरातील गोष्टी बाहेर न सांगण्याचा दंडक आहे. ग्रीक शपथेशी त्याचे साम्य दिसते, तरी दोहोंचा उगम स्वतंत्र मानणे अधिक सयुक्तिक.

सुश्रुताच्या मते आई-वडील व पुत्रांविषयीही शंका बाळगणारा रोगी वैद्यावर विश्वास टाकतो, म्हणून वैद्याने त्याला पुत्रासारखे सांभाळावे. कौटिल्याची दृष्टी राज्यकर्त्याची: जिवाला धोका असल्याचे न कळवता उपचार केले आणि रोगी दगावला, तर वैद्याला दंड, चोरून जखमेवर उपचार करवून घेणाऱ्याची खबरही त्याने अधिकाऱ्यास द्यावी. गुप्ततेच्या दंडकाशी हा नियम उघडच विसंगत आहे.

अरबी परंपरेत ९व्या शतकातील वैद्य अर्-रुहावीच्या वैद्यकनीतीवरील ग्रंथात रुग्ण व त्याच्या भेटीस येणाऱ्यांचे वर्तनही विचारात घेतले आहे.

अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेच्या १८४७ च्या नीतिसंहितेत रुग्णाच्या कर्तव्यांना स्वतंत्र कलम मिळाले. संहितेचा पुष्कळसा मजकूर इंग्रज वैद्य टॉमस पर्सिव्हलच्या १८०३ च्या ग्रंथावरून घेतला आहे. रुग्णविषयक कलमाचे मूळ मात्र अमेरिकन वैद्य बेंजामिन रशच्या व्याख्यानांत शोधणे योग्य. काही भाग रशच्या शब्दांत असल्याचे संहितेच्या कर्त्यांनीही नोंदवले आहे. आजाराची हकीकत प्रामाणिकपणे सांगावी, पण कंटाळवाणा तपशील टाळावा. सूचना निमूट पाळाव्यात. वैद्य बदलायचा तर कारण सांगावे. शक्यतो सकाळीच बोलावणे धाडावे. आणि बरे झाल्यावर उपकारांची जाण ठेवावी, कारण केवळ पैशाने ते फिटत नाहीत, अशी ही कर्तव्ये. २०व्या शतकातील सुधारित आवृत्त्यांतून हे कलम गळाले.