ऑपरेशनआधी पाणी बंद आणि नंतरच्या उलट्या

‘आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही घेऊ नका, म्हणजे ऑपरेशननंतर उलट्या होत नाहीत,’ असा समज आहे. उपवास असतो तो बेशुद्धीत पोटातलं फुफ्फुसात जाऊ नये म्हणून. हलक्या जेवणाला आणि दुधालाही 6 तास, पण साधं पाणी बहुतेकांना 2 तास आधीपर्यंत चालतं. पोट हळू रिकामं होणाऱ्यांचा नियम वेगळा. उलट शरीर कोरडं पडलं की मळमळ वाढते.

नंतरच्या उलट्यांचा धोका कुणाला जास्त? स्त्रियांना, धूम्रपान न करणाऱ्यांना, गाडी लागणाऱ्यांना आणि ऑपरेशननंतर मॉर्फिनसारखी जोरदार वेदनाशामक औषधं लागणाऱ्यांना. म्हणूनच भूलतज्ज्ञांना ‘मला घाटात गाडी लागते’ हे आवर्जून सांगा. मग ते ऑपरेशनच्या सुरुवातीला डेक्सामेथासोन, शेवटी ऑनडान्सेट्रॉन (मोठ्यांना साधारण 4 मिलिग्रॅम) ही उलट्या रोखणारी औषधं देऊ शकतात. शेवटचं पाणी किती वाजता प्यायचं, तेही त्यांनाच विचारून घ्या.